आधीच धुतलेले पाय

परात आहे मी. पाय धुवायची परात. नाक मुरडू नका. तुमच्या घरच्या परातीच्या वाट्याला पीठ आलं असेल, माझ्या वाट्याला पाय आले, आणि त्या पायांचा मला कधी कमीपणा वाटला नाही. लाज वाटली ती पुढे, पाय स्वच्छ यायला लागले तेव्हा.

सध्या मी एका नावाजलेल्या खासगी शाळेच्या मागच्या मोरीत, फळीवर पडून आहे. शाळा ख्रिस्ती आहे. फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'श्रद्धा, शिस्त, सेवा'. शिस्त मी पाहिली आहे, श्रद्धा भिंतीपलीकडून ऐकली आहे, आणि सेवा कोण करतं ते या मोरीत उभं राहिल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. परातीला कसला आलाय राग, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा भट्टीत जाऊन यावं, मग बोलावं.

जन्मानं मी लोखंडाचा पत्रा. साच्याखाली दाबून मला खोलगट केलं, पांढऱ्या घोळात बुचकळलं आणि भट्टीत ढकललं. बाहेर आले ती पांढरीशुभ्र, काचेसारखी गुळगुळीत. मग एका बाईनं कुंचल्यानं माझ्या काठावर निळी रेघ ओढली. तिचा हात मध्येच थांबला असावा, कारण एका जागी ती रेघ जाड आहे. बाईला कुणी हाक मारली असेल, नाहीतर पोराची आठवण झाली असेल. ती जाड रेघ मला फार आवडते.

भांड्यांच्या दुकानातून मला थोरल्या बाईंनी उचललं. उंच, काटकुळ्या, पायात झिजलेल्या चपला. दुकानदारानं विचारलं, किती माणसांचा स्वयंपाक? त्या म्हणाल्या, स्वयंपाक नाही, पाय धुवायचेत. दुकानदारानं घाईनं पैसे मोजून घेतले. वेड्या माणसाशी गिऱ्हाइकी लवकर उरकावी, एवढं शहाणपण त्याला होतं.

थोरल्या बाईंची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. शाळेपुढे कातडी कमावायचा कारखाना. तिथे कातड्यावरचे केस काढायला चुन्याच्या कुंडात कातडी भिजवत, आणि ते चुन्याचं पाणी गटारातून रस्त्यावर वाहायचं. मुलं त्यातून अनवाणी चालत यायची. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली, टाचांना भेगा, भेगांत चुना. असं पोर बाकावर बसलं तरी त्याचं लक्ष फळ्याकडे कसं लागणार? ते एका पायानं दुसरा पाय खाजवत बसायचं.

म्हणून रोज सकाळी दारातच बाई उकिडव्या बसायच्या. मी पुढ्यात, शेजारी कोमट पाण्याची बादली, मांडीवर पंचा. एकेक मूल यायचं, पाय माझ्यात ठेवायचं. बाई बोटाबोटांतून चुना काढायच्या, कोरडं करायच्या, वर मलम चोपडायच्या. पाणी मिनिटात राखाडी व्हायचं. बदलायचं, की पुढचं मूल. हे झाल्याशिवाय पाढे नाहीत आणि प्रार्थनाही नाही.

एक बाप तणतणत आला होता. कारखान्यातला कामगार, हात कोपरापर्यंत पिवळे. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ही बाई पाय धुता धुता पोरांना बाटवते. त्यानं दारातच आवाज चढवला. बाईंनी मान वर न करता त्याच्या मुलाचा पाय त्याच्यापुढे धरला.

"तुमचा देव तुमच्याकडे ठेवा. याचा पाय तेवढा रोज माझ्याकडे पाठवा. घोट्याला पू झालाय, तुम्ही पाहिलाय का?"

बापानं पाहिला नव्हता. तो खाली बसला. दुसऱ्या दिवशीपासून कामावर जाण्याआधी तो गरम पाण्याचा डबा आणून दारात ठेवायचा. देव त्यानं बदलला नाही, बाईंनी विचारलंही नाही.

या पोरांतच एक लहान मुलगी होती, तोंडाची फटकळ. बरेच दिवस पाय धुऊन घेतल्यावर एके सकाळी तिनं विचारलं, "बाई, तुम्ही आमचे पाय का धुता? तुम्हाला घाण वाटत नाही?" तेव्हा कुठे थोरल्या बाईंनी प्रभूची गोष्ट काढली. मरणाच्या आदल्या संध्याकाळी तो जेवणावरून उठला, कमरेला पंचा गुंडाळला आणि आपल्या बारा शिष्यांचे, रस्त्याची धूळ लागलेले पाय त्यानं स्वतः धुतले. तो त्यांचा गुरू होता, तरी धुतले. एवढंच सांगितलं त्यांनी. मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याची नक्कल करता होय." बाई हसल्या आणि म्हणाल्या, जमेल तेवढी.

आधी पाय, मग गोष्ट. हा क्रम मी माझ्या पांढऱ्या अंगावर कोरून घेतलाय. शाळेत श्रद्धेचं काम काय, यावर लोक मोठमोठी भाषणं देतात. मला विचाराल तर तिचं काम वाकणं. गोष्ट सांगायला तोंड पुरतं, वाकायला कंबर आणि गुडघे लागतात, आणि ते दुखतात.

ती फटकळ मुलगी मोठी झाली, कामाला लागली, ती याच शाळेत. आज सगळे तिला मावशी म्हणतात. थोरल्या बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मावशीनं त्यांचे पाय माझ्यातच धुतले. जाण्यापूर्वी बाईंनी एक नियम घालून दिला होता: जो या शाळेत झाडतो, रांधतो, राखण करतो, त्याचं मूल शेवटच्या इयत्तेपर्यंत इथेच शिकेल, आणि त्याच्याकडून फी घ्यायची नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं?

मग कारखाना बंद पडला. कुंडं बुजली, गटार झाकलं गेलं, त्या जागी झाडांच्या रांगा आणि फाटकांची घरं आली. घरांमागून गाड्या आल्या आणि गाड्यांतून बूट घातलेली मुलं आली. दोन खोल्यांच्या जागी तीन मजले चढले. यात वाईट काही नाही. श्रीमंताच्या पोरालाही पाय असतात. पण आईबाप प्रवेशाला येत तेव्हा त्यांचं बोलणं मी ऐकायची. म्हणत, इथे शिस्त छान असते, मुलं अदबीनं बोलतात, पुढे ओळखी उपयोगी पडतात. श्रद्धा? ती असते हो, वातावरणात. फर्निचरवर पॉलिश असतं तशी.

रोजचं पाय धुणं केव्हाच थांबलं होतं. चुनाच नव्हता, तर धुणार काय? पण त्या प्रसंगाची आठवण म्हणून वर्षातून एका गुरुवारी, प्रभूच्या मरणाच्या आदल्या दिवशी, प्रार्थनागृहात बारा मुलांचे पाय धुवायची रीत राहिली. त्या दिवशी मला फळीवरून काढत, आणि मी वर्षभर त्या गुरुवारची वाट पाहायची. खोटं कशाला बोलू, मिरवायची मी.

मग हे प्राचार्य आले. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, वाईटाशी भांडता तरी येतं. हे गोड. आवाज मऊ, रुमालाला अत्तर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी देवाची कृपा. त्यांच्या पहिल्याच गुरुवारी एका मुलानं थेट मैदानावरून येऊन मोजे काढले. वास सुटला, आणि नेमक्या त्याच घटकेला फोटो निघाला. शाळेच्या वार्षिकात प्राचार्य गुडघ्यावर, हातात तांब्या, आणि चेहरा असा की जणू तोंडात कडू बी आलंय.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. शाळा समितीच्या अध्यक्षांनी पाय धुवायला चांदीच्या मुलाम्याचं एक नक्षीदार तस्त भेट दिलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून प्राचार्य म्हणाले, "ही स्वयंपाकघरात द्या. टवके उडालेत, फोटोत बरी दिसत नाही." ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की ते मावशीला हळूच म्हणाले, मुलांचे पाय आधी जरा मागे धुऊन घेत चला.

कळलं का तुम्हाला? पाय धुण्याच्या आधी पाय धुवायचे.

झालं, तेव्हापासून तीच वहिवाट. गुरुवारी दुपारी ती बारा मुलं मोरीत यायची. मावशी त्यांचे पाय माझ्यात साबणानं धुवायची, नखं कापायची, पावडर लावायची. मग कोरे मोजे, पुसलेले बूट, आणि पायघड्यांवरून थेट प्रार्थनागृहात. तिथे पुन्हा बूट काढायचे, आणि प्राचार्य चांदीच्या तस्तात धरलेल्या उजव्या पायावर तेवढी पाण्याची धार सोडायचे. डावा पाय फोटोत येत नाही. तस्तातलं पाणी इतकं स्वच्छ राहायचं की कार्यक्रमानंतर शिपाई ते फुलझाडांना घालायचा. आणि बारा मुलं कोण? अध्यक्षांचा नातू, देणगीदारांची पोरं, प्राचार्यांच्या मेहुण्याची मुलगी. खरी घाण मोरीत उतरायची, आणि गहिवर प्रार्थनागृहात.

मी हे वर्षानुवर्षं सोसलं. वर्षाचे बाकीचे दिवस माझ्यात कप धुतले जायचे. रविवारी प्रार्थनागृहात उपासना असते, गावातली मोठी माणसं येतात, आणि उपासना संपली की सगळ्यांना चहा. पलीकडे गाणी सुरू झाली की अलीकडे मावशी आधण ठेवायची. आमेन ऐकू आलं की चहा गाळायची. मग कपांचे ढीग यायचे. मावशी मला आधी घासूनपुसून घ्यायची, तेव्हा तुम्ही पुन्हा नाक मुरडू नका.

आता मूळ मुद्द्यावर येते. मावशीची नात. मावशीची लेक दूरच्या शहरात आजाऱ्यांची शुश्रूषा करते, नात आजीपाशी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून पोरीचं नाव पडलं भिंगरी. सातवीत होती, भूमिती तिच्या हाडात होती. मोरीच्या फरशीवर ओल्या बोटानं वर्तुळं काढायची आणि वाळायच्या आत कोन मोजून दाखवायची. तिला आठवी, नववी, दहावी इथेच करायची होती, कारण वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या गणिताच्या बाई तिला फार आवडायच्या. थोरल्या बाईंच्या नियमानं तिचा तो हक्कच होता.

एका रविवारी, कप धुणं चालू असताना, प्राचार्य स्वतः मोरीत आले. हातात रिकामा कप. मावशीचे हात माझ्या पाण्यात कोपरापर्यंत.

"मावशी, भिंगरीचं आठवीचं जरा अडलंय."

"कशानं अडलंय?"

त्यांनी नीट समजावून सांगितलं. शाळेचं ख्रिस्तीपण पातळ होत चाललंय अशी समितीला काळजी वाटते. म्हणून यंदापासून ठरलंय, वरच्या वर्गांत बिनफीची जागा फक्त श्रद्धावान कुटुंबातल्या मुलांना. आणि श्रद्धावान कुटुंब ते, ज्यातलं मोठं माणूस दर रविवारी उपासनेला दिसतं. फी भरणाऱ्यांना ही अट नाही, त्यांच्या श्रद्धेवर समितीचा विश्वास आहे.

"तुमच्या घरचं मोठं माणूस कुणी दिसत नाही हो," प्राचार्य म्हणाले. "भिंगरी एकटीच बसलेली असते मागे."

मावशीनं पाण्यातून हात काढले नाहीत. "साहेब, रविवारी उपासना चालू असते तेव्हा मी कुठे असते?"

"म्हणजे?"

"कुठे असते मी?"

प्राचार्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग फार मऊपणानं म्हणाले, "ते काम झालं, मावशी. मी उपासनेबद्दल बोलतोय."

मी लोखंडाची आहे, पण तेव्हा मला वाटलं की आपल्याला तळापासून तडा जावा आणि सगळं साबणाचं पाणी या माणसाच्या चकचकीत बुटांवर सांडावं. मावशी एरवी वाघीण, पण ती पुढचा कप घासायला लागली. नातीसाठी माणूस जीभ चावतो. प्राचार्य म्हणाले, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू. आणि रिकामा कप माझ्यात सोडून गेले.

एखाद्याला नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हणा. त्यासाठी देवाला मध्ये कशाला घालता? त्याला आधीच काय कमी कामं आहेत?

राखणदाराचंही तेच झालं. तो रात्रभर फाटकाशी जागतो, रविवारी सकाळी घरी जाऊन झोपतो. त्याची जुळी पोरं सातवीतच होती. तीही अश्रद्ध ठरली. ज्याच्या जागरणावर समिती निवांत झोपते, त्याला झोपेपायी देवाच्या दारातून बाहेर.

मग तो गुरुवार आला. मी सकाळपासून फळीवर तयार. दुपार कलली तरी मावशी नाही. चूल थंड, बादली रिकामी, साबण आपल्या जागी कोरडा. बारा मुलं ठरल्याप्रमाणे मोरीत आली. मैदानावर नुकतंच पाणी मारलेलं होतं आणि पोरं त्यातच धावायचा सराव करून आली होती, त्यामुळे मोज्यांसकट चिखल. त्यांनी मावशीला हाका मारल्या. एकानं माझ्यावर टकटक वाजवून पाहिलं, जशी काही ती माझ्याखाली लपली आहे. मग पलीकडे गाणं सुरू झालं, आणि अध्यक्षांचा नातू म्हणाला, "चला रे, तसंच जाऊ. धुणारच आहेत ना तिथे." अख्ख्या शाळेत त्या दिवशी सरळ विचार केला तो त्या पोरानं.

पुढचं मी आधी भिंतीतून ऐकलं. पाण्याची धार, मग कुजबूज. तेवढ्यात शिपाई धापा टाकत मोरीत शिरला, मावशी मावशी करत. कुणी नाही म्हटल्यावर त्यानं एका हातात बादलीभर गार पाणी घेतलं, दुसऱ्या हातानं मला बखोटीला मारलं आणि धावला. अशी मी इतक्या वर्षांनी पुन्हा प्रार्थनागृहात गेले.

पाहते तर चांदीचं तस्त दुसऱ्याच मुलाला भरून वाहतंय. ते खोल कुठे होतं? बशीला नक्षी काढली म्हणून ती परात होत नाही. पाणी चहासारखं, पायघडीवर ओघळ, आणि प्राचार्यांच्या पांढऱ्या पंच्यावर चिखलाची बोटं. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली केला होता.

आणि तिसऱ्या बाकावर, इस्तरीच्या कपड्यांत, केस चापून बांधलेली मावशी बसली होती. शेजारी भिंगरी. दोघींच्या मांडीवर एकच गाण्यांचं पुस्तक.

प्राचार्यांनी गुडघ्यांवरूनच तिला पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू न सांडता ते म्हणाले, "मावशी, जरा या बरं. मुलांचे पाय घ्या."

मावशी जागची हलली नाही. तिचा आवाज मोठा नव्हता, पण प्रार्थनागृह आवाज उचलून धरण्यासाठीच बांधलेलं असतं.

"मी उपासनेला आलेय, साहेब. काम नंतर."

कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब, जे उपासना चालवतात आणि ज्यांना कुणाचंच मन मोडायला जमत नाही, ते आपल्या पुस्तकात काहीतरी शोधू लागले. मुलं रांगेत चिखलाचे पाय पुढे करून बसली होती. आता मागे जायला वाट नव्हती. प्राचार्यांनी बाह्या सारल्या, मला जवळ ओढलं, आणि धुवायला लागले.

धार सोडून चालेना, चोळावं लागलं. एका मुलीला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळली, तिच्यामागे आणखी चार. अध्यक्षांच्या नातवाच्या टाचेला बूट लागून फोड आला होता, फुटून त्यात माती गेली होती. खेळ शिकवणारे रागावतील म्हणून त्यानं तो लपवला होता. प्राचार्यांचं बोट तिथे लागलं तसं पोर कळवळलं. आणि प्राचार्यांचा हात हळू झाला. त्यांनी तो पाय तळहातावर घेतला, वाकून पाहिलं, अगदी जवळून, आणि दुसऱ्या हातानं थोडं थोडं पाणी सोडून माती काढली. त्या घटकेला ते प्राचार्य नव्हते. पायाकडे पाहणारा एक माणूस होते. मला थोरल्या बाईंचा हात आठवला आणि माझ्या मनात आलं, आता. आता या माणसाला कळणार.

पण बारावं मूल झालं, ते उठले, गुडघे झटकले, आणि पहिला शब्द निघाला तो असा, "चहाचं काय झालं?"

चहाचं काही झालं नव्हतं. चहा नव्हताच. त्या गुरुवारी नाही, त्या रविवारी नाही, पुढच्याही रविवारी नाही. मावशी दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायची, गाणं संपलं की पुस्तक मिटून घरी जायची. प्रवचन ऐकून कोरड्या घशानं घरी जायची सवय त्या मंडळींना नव्हती. श्रद्धा डळमळायला लागली. पाळकसाहेबांना लोक म्हणाले, हल्ली उपासनेत पूर्वीसारखं काही वाटत नाही.

शेवटी समितीनं मावशीला बोलावलं. तिथे काय झालं ते तिनं मला परतल्यावर सांगितलं, मला घासता घासता, आणि ती इतक्या जोरात घासत होती की आणखी एक टवका उडाला. समितीनं मोठ्या मनानं ठरवलं होतं की भिंगरीला खास बाब म्हणून आठवीत घ्यावं. मावशी मन दुखावून घेऊन बसली आहे, तर तिनं ते सोडावं आणि रविवारचं काम पूर्ववत करावं. मावशीनं आधी विचारलं, राखणदाराच्या पोरांचं काय? अध्यक्ष म्हणाले, प्रत्येक बाब वेगळी असते, एकेक पाहू. मावशी म्हणाली, थोरल्या बाईंच्या नियमात खास बाब नव्हती, सरसकट होतं. अध्यक्षांनी पेन उघडलं आणि मिटलं.

मग मावशी म्हणाली, "बरं. भिंगरीला घेताय ते कशाच्या जोरावर? श्रद्धावान कुटुंब म्हणूनच ना?"

हो, म्हणाले.

"मग कुटुंब रविवारी उपासनेला बसणार. मी उठून कपांकडे गेले तर पोरीची जागा जाईल, तुमचीच अट आहे. कप तुमचे तुम्ही धुवा."

आणि ती उठली. मला वाटतं, उद्या एखादी परात स्वर्गात गेली तर ती हे वाक्य ऐकवायला जाईल.

भिंगरी आठवीत गेली. ज्यासाठी सगळं चाललं होतं, ते झालं. पण मला जिंकल्यासारखं वाटू द्यायला मी तयार नाही. राखणदाराची जुळी आता दूरच्या शाळेत पायी जातात, आणि बाप अजून रात्रभर त्याच फाटकाशी जागतो, ज्यातून त्याच्या पोरांना आत यायची सोय नाही. भिंगरीही ते विसरलेली नाही. संध्याकाळी मोरीत बसून ती त्या दोघांना गणित शिकवते, तेव्हा मी कान देऊन असते.

समितीनं तीन रविवार पाळीपाळीनं कप धुतले. काय ते धुणं. अध्यक्षांनी बोटांच्या टोकांनी दोन कप बुडवले आणि रुमालानं हात पुसत बसले. प्राचार्यांनी बरेच धुतले, पण माझ्यात साबण इतका ओतला की फेसात कप सापडेनात. तरी मी खूश होते. शिकतील, म्हटलं. चौथ्या रविवारी कागदी कप आले. प्यायचा आणि चुरगळून टाकायचा. कुणी वाकायलाच नको. मला उलटी करून फळीवर ठेवली ती तेव्हापासून.

आणि आता नवं ऐका. परवा पुन्हा तो गुरुवार आहे. गेल्या वर्षीचा गोंधळ नको म्हणून समितीनं ठरवलंय की यंदा पाय नकोत, मुलांचे हात धुवायचे. हात सुटसुटीत, बूट काढायला नकोत, चांदीचं तस्त पुरतं, आणि फोटोही नीट येतो. बारांत यंदा भिंगरीचंही नाव घातलंय. शाळा किती उदार आहे ते वार्षिकात दिसायला हवं ना.

भिंगरीनं काल मोरीत येऊन ही बातमी सांगितली. मावशीनं हातातलं फडकं पिळून ठेवलं. मग म्हणाली, "तुला ती सगळी गोष्ट येते ना गं? त्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीची?"

"येते की."

"त्यात पाय धुतो तो कोण?"

"प्रभू."

"आणि हात कोण धुतो?"

भिंगरी बोलायला गेली आणि थांबली. हात धुणारा त्या गोष्टीत एकच आहे. रोमचा सुभेदार. समोरचा माणूस निर्दोष आहे हे कळूनही त्यानं त्याला मरणाच्या हवाली केलं, सगळ्यांसमक्ष पाणी मागवलं, हात धुतले आणि म्हणाला, यात माझा दोष नाही.

तीन मजल्यांच्या त्या शाळेत, रोज सकाळी धर्माचा तास होणाऱ्या त्या शाळेत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मावशी हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

"मी हात पुढे करू का नको?" भिंगरीनं विचारलं.

"ते तू ठरव," मावशी डोळे पुसत म्हणाली. "मी तिसऱ्या बाकावर आहेच."

पोर काय ठरवते ते मला ठाऊक नाही. काल जाताना तिनं मला फळीवरून काढलं, सरळ केलं, आतली धूळ पुसली आणि पुन्हा ठेवलं, ते पालथं नाही.

शाळा चालवणाऱ्यांनो, तुमचं चांदीचं तस्त तुम्हाला लखलाभ. या फळीवर मी उघड्या तोंडानं पडून आहे. मला फुलं नकोत, माझा फोटो नको, जुनी आठवण म्हणून काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. मला पाणी घाला. आणि पाय आणा, राखणदाराच्या पोरांचे आणा, लांबून चालत आलेले, जसे असतील तसे. मग तुमच्यापैकी कुणीतरी खाली बसा.